पडद्याची बायकांकडची बाजू

खेळ संपला, दिवा विझला, लोक घोंगड्या झटकून घरी गेले, तरी मेलेला शिपाई पडद्यावरून गेला नाही. सिनेमात त्याला गोळी लागली होती त्याच खालच्या कोपऱ्यात तो कुशीवर पडून होता. सकाळी केरबा गुरव पडदा उतरवायला गेला, तेव्हा त्या कोपऱ्याला माणसाचं वजन होतं. त्यानं दोरी सैल केली, कापड झटकलं, टोक धरून ओढून पाहिलं. शिपायाचा फेटा तेवढा जरासा सरकला.

केरबाला त्याचं फार नवल वाटलं नाही. ओल्या कापडावर चित्र ठसठशीत उठतं, म्हणून खेळाआधी पडद्यावर बादल्या मारायची रीत होती, आणि ओलं कापड काय काय धरून ठेवील याचा नेम नाही. त्यानं ओंजळभर पाणी घेऊन शिपायाची पाठ चोळली. हाताला काळपट राख लागली. वाळलं की जाईल, असं म्हणून तो ओढ्यावर तोंड धुवायला गेला.

केरबाचा धंदा जिभेचा. सिनेमे तेव्हा मुके होते. मधूनमधून पडद्यावर इंग्रजी अक्षरांच्या पाट्या यायच्या, आणि त्या वाचून दाखवायला काठी घेऊन पडद्याशेजारी उभा राहणारा माणूस लागायचा. केरबाला इंग्रजी बेताचंच येत होतं, पण त्यावाचून त्याचं कधी अडलं नाही. ओठ हलले की तो शब्द घालायचा. कप्तानाला जाडा आवाज, मडमेला नाजूक, घोड्याला घोड्याचा. रेठऱ्याच्या अण्णा मालकांच्या फिरत्या तंबूत त्याच्या जिभेवर गावंच्या गावं डोलत होती, आणि त्याची त्याला चांगलीच घमेंड होती.

सध्याचा सिनेमा विलायतेहून आलेला. केरबानं त्याचं नाव ठेवलं होतं 'खिंडीतली गुलाबबाई'. सरहद्दीवर लढाई पेटलेली असते. एक गोरा कप्तान, कर्नलाची मुलगी, डोंगरावरून उतरणारे पठाण. शेवटी कप्तान मुलीला घोड्यावर घेऊन खिंडीतून निसटतो, आणि ती दोघं निसटावीत म्हणून खिंडीच्या तोंडाशी एक देशी शिपाई उभा असतो. त्याला नाव नाही, पाटी नाही. गोळी लागते, तो कोपऱ्यात पडतो, आणि त्याच्या डोक्यावर, पडद्याच्या मधोमध, कप्तान मुलीचा मुका घेतो.

तंबूत पडदा मध्यभागी टांगलेला असे. अलीकडे पुरुष, पलीकडे बायका. बायकांना सगळं उलट्या बाजूनं दिसायचं. त्यांचा कप्तान डाव्या हातानं सलाम ठोकायचा आणि त्यांचे पठाण दुसऱ्याच डोंगरावरून उतरायचे. एकाही बाईनं कधी तक्रार केली नव्हती. पदराआड बसून दिसतंय तेवढं पुष्कळ, असं त्यांचं म्हणणं असावं.

आणि केरबाची एक खोड होती. नव्या गावात पोचलं की तो पारावर बसून पाणी मागायचा, चार गप्पा मारायचा आणि गावातल्या एखाद्या पलटणीतल्या माणसाचं नाव उचलायचा. मग खेळात ते नाव तो निशाण घेऊन दौडत जाणाऱ्या स्वाराला द्यायचा. 'हा निघाला बघा तुमच्या गावचा अमका!' की तंबू डोक्यावर. स्वार सिनेमात मरत नाही, त्यामुळे कुणाचं काही बिघडत नसे.

माळशिंगे हे फौजी गाव. घराघरातला एकेक माणूस पलटणीत. इथले लोक सिनेमाला आले ते पाठी ताठ ठेवून बसले. कप्तानाच्या विनोदाला हसले नाहीत, पठाणांना शिव्या घातल्या नाहीत. केरबानं जीव तोडला, पण एक टाळी येईना. तो चिडला. माणूस चिडला की हाताशी येईल ते फेकतो, आणि केरबाच्या हाताशी जीभच होती. निशाणाचा स्वार तोवर दौडत निघून गेला होता. उरला होता तो खिंडीच्या तोंडाशी उभा राहिलेला शिपाई, आणि पारावर उचललेलं एक नाव.

"हा पडला माळशिंग्याचा शिदू निकम!" केरबा ओरडला. "पडला, पण खिंड सोडली नाही!"

टाळी आली नाही. पडद्यापलीकडून, बायकांच्या बाजूनं, एक शांत आवाज आला.

"डावखुराच हाय की. शिदूच त्यो."

ती हौसाबाई निकम होती. शिदू तिचा एकुलता एक.

ओढ्यावरून केरबा परतला तेव्हा तंबूभोवती गाव उभं होतं. पुढे पेन्शनीतले सुभेदार मोहिते. बंडीवर बिल्ले लावलेले, मिशा पिळलेल्या. त्यांनी केरबाच्या हातातला लोटा काढून घेतला, उरलेलं पाणी मातीत ओतलं आणि लोटा त्याला परत दिला.

"गुरव," ते म्हणाले, "त्याला उठवा."

"चित्र आहे ते, सुभेदार."

"चित्तर हाय तर मग जात का न्हाई?"

केरबा हसला. एकटाच हसला. "मरणाची खोटी बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढतं म्हणतात."

"खोटी असली तर," सुभेदार म्हणाले.

पडद्याच्या दोन्ही अंगांना बायकांच्या आडोशासाठी कनात लावलेली होती, तिच्याआड हौसाबाई बसली होती. तिनं पडद्याच्या कोपऱ्याशी भाकरी आणि आंबिलीचं गाडगं ठेवलं होतं. ती रडत नव्हती, आणि त्याचीच केरबाला जास्त भीती वाटली. शिदूचा सांगावा दिवाळीपासून आला नव्हता. सांगावा नाही म्हणजे पोरगा जिता आहे, असं धरून ती आजवर दळण-कांडण करत होती. केरबानं काल भर तंबूत ती गाठ सोडली होती.

"मावशी," केरबा म्हणाला, "तुम्ही पडदा पलीकडून पाहिलात. पलीकडून सगळं उलटं दिसतं. तो शिपाई डावखुरा नाही. अलीकडं येऊन बघा, उजव्या हातात बंदूक आहे त्याच्या."

"तिकडं बाप्ये बसत्यात."

"आता कुणी नाही. या बघा."

"मी कशाला येऊ?" हौसाबाई म्हणाली. "माजा ल्योक जितनं दिसतोय तितं मी हाय. गुरवा, तूच त्याचं नाव घेतलंस. मी न्हाई घेतलं."

केरबा लोटा तिथंच ठेवून अण्णा मालकांना गाठायला गेला.

अण्णा मालकांनी ओळखलं की या गावाशी आपलं जमणार नाही. त्यांनी चहा पिता पिता गाडी जुंपायला सांगितली. यंत्र राहू दे, पडदा राहू दे, सर सलामत तो पगडी पचास, असं ते केरबाच्या कानात पुटपुटले. "तू मागनं ये," म्हणाले. माळशिंग्यातून बाहेर जायला एकच वाट, डोंगरातल्या खिंडीतून. गाडी धूळ उडवत खिंडीकडे गेली. केरबाही निघाला, पण पारापाशी बसलेल्या म्हाताऱ्यांनी पाय लांब केले. एकाचे पाय ओलांडले की पुढच्याचे होते. ते पाय संपेनात, तेव्हा तो मागं फिरला.

तंबू डांबरी कापडाचा होता, भर दुपारी आत काळोख पडायचा. सुभेदारांनी यंत्राचं हँडल हातात घेतलं. ते कुणी शिकवलेलं नव्हतं, पण मशीनगन चालवलेल्या माणसाला असलं काही जड जात नाही. पुरुष अलीकडे बसले, बायका पलीकडे. पडद्यावर पाणी मारलं. कोपऱ्यातला शिपाई भिजला.

"सांगा," सुभेदार म्हणाले. "आन् नीट सांगा."

केरबानं काठी उचलली. सिनेमा सुरू झाला. कर्नलाची मुलगी व्हरांड्यात हसली, कप्तानानं सलाम ठोकला, पठाणांनी दगडाआडून डोकी वर काढली. आणि खिंडीतून घोडेस्वार गेले त्यांच्या मागोमाग अण्णा मालकांची बैलगाडी गेली. राखी रंगाचे बैल, राखी धूळ, अण्णांच्या डोक्यावर छत्री. अण्णांनी वळून पाहिलं नाही. गाडी दगडांच्या वळणाआड गेली आणि पुन्हा दिसली नाही.

"ती वाट तिकडंच जाती," पहिल्या रांगेतला एकजण म्हणाला. दुसऱ्यानं मान हलवली.

मग शिपाई आला. जिता शिपाई पडद्याच्या डाव्या अंगानं चालत आला आणि खिंडीच्या तोंडाशी, स्वतःच्याच प्रेताशेजारी पाय रोवून उभा राहिला. त्यानं खाली पाहिलं. सिनेमात तो खाली पाहत नसे.

"शिदू, बाजूला हो!" तो ओरडला. "दगडामागं बस! वर डोंगरावर पठाण आहे!"

शिपायानं केरबाकडे तोंड वळवलं. चेहरा धड दिसेना, मिशी आणि सावली तेवढी होती. गोळी लागली. तो पडला आणि बरोबर आपल्या प्रेतावर पडला. पायात जुनी वहाण बसावी तसा बसला. वरती कप्तानानं मुका घेतला.

पलीकडून गाडगं सरकवल्याचा आवाज आला.

"पुन्यांदा," सुभेदार म्हणाले.

दुसऱ्यांदा केरबानं सांगितलं की गोळी चुकली. शिपाई तरीही पडला, आणि सगळं गाव केरबाकडे असं बघत राहिलं, जणू गोळी त्यानंच घातली. तिसऱ्यांदा त्यानं गोळी कप्तानाला घातली. कप्तानाला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. केरबानं सांगितलं की बंदुकीत दारू ओली होती, पाऊस आला, पठाणाला बायकोची आठवण झाली. पठाणानं नेम धरायचा तो धरलाच. एरवी शब्द आधी आणि चित्र मागून असं केरबाला वाटायचं, आपणच हे सगळं चालवतो असं वाटायचं. आता घशाला फोड आला तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की आजवर तो नुसता मागून पळत होता.

खेळागणिक तंबू आवळत गेला. मधले बांबू उपटून पुढे रोवलेले दिसले, पण रोवताना कुणी दिसलं नाही. पुरुषांची पहिली रांग सरकत सरकत इतकी पुढे आली की त्यांचे गुडघे केरबाच्या पोटऱ्यांना लागू लागले. त्याच्या खांद्याला ओला पडदा चिकटत होता. पडद्यामागं बायकांचे श्वास ऐकू येत होते. त्या शिव्या देत नव्हत्या. माळशिंग्यात कुणीच शिव्या देत नव्हतं. पाणी मागितलं तर शेजारचा माणूस लोटा तोंडाला लावून सगळं पिऊन टाकायचा आणि रिकामा लोटा अदबीनं पुढे करायचा.

"सुभेदार," केरबा म्हणाला, "हँडल उलटं फिरवा. सगळं मागं जाईल. तो उठेल, चालत मागं जाईल, बराकीत जाईल. उलटं फिरवलं की गोळीसुद्धा बंदुकीत परत जाते, मी पाहिलंय."

सुभेदारांचा हात थांबला. पडद्यावर पठाण नेम धरून तसाच उभा राहिला.

"आमची पलटण माघारी फिरत न्हाई," सुभेदार म्हणाले, आणि हात चालू लागला.

केरबाला तेव्हा रडू आलं. आपल्याला इथून कुणी सोडणार नाही, हे त्याला लख्ख कळलं. एका टाळीसाठी आपण हे केलं, ही गोष्ट त्याला इतकी शरमेची वाटली की त्यानं काठी बगलेत धरली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"मी नाव परत घेतो," तो हातांमागून म्हणाला. "तो शिदू नाही. ऐकलंत का मावशी? तो शिदू नाही. मी खोटं बोललो."

पडद्यामागं काकणं वाजली. कोपऱ्यातल्या शिपायाचा हात हलला. खरोखर हलला. सगळ्या तंबूनं पाहिला.

"मग कोन त्यो?" सुभेदारांनी विचारलं.

"कुणी नाही."

हात पुन्हा पडला.

"पहाऱ्यावर उभा असलेला गडी कुनी न्हाई नसतो, गुरव. जागा मोकळी ऱ्हात न्हाई. एकाला उठवायचा तर दुसरा उबा करा. नाव सांगा."

केरबानं सुचेल ते नाव घेतलं. "ज्ञानू."

मागच्या रांगेतून एक माणूस उभा राहिला. "ज्ञानू माजा भाऊ हाय. पलटनीत हाय."

"येसू."

एक म्हातारा काठी टेकत उठला. "माजा नातू."

"भिवा. संतू. बहिर्जी." प्रत्येक नावाला कुणीतरी उठत होतं. उठलेला माणूस खाली बसत नव्हता, एक पाऊल पुढे येत होता. केरबानं परगावची नावं घेतली. त्यांनाही मेहुणे, साडू निघाले. जगातल्या प्रत्येक नावाला या गावात एक सोयरा होता. केरबाची पाठ पडद्यात रुतली. कापडातून पलीकडच्या बायकांचे तळवे त्याच्या पाठीला लागले. त्या त्याला मागं येऊ देत नव्हत्या.

एकच नाव उरलं होतं. ते तोंडावर यायला वेळ लागला, कारण इतक्या गावांत इतकी नावं घेऊन ते त्यानं कधी घेतलं नव्हतं.

"केरबा," तो म्हणाला. "केरबा गुरव."

तो थांबला. कुणीतरी उठेल म्हणून त्यानं रांगांवरून नजर फिरवली. पुरुषांकडे पाहिलं, पडद्यापलीकडे कान लावला. एखाद्या म्हातारीनं 'माजा हाय' म्हणावं, खोटं का होईना म्हणावं, असं त्याला फार वाटलं. उभे राहिलेले सगळे खाली बसले.

"बरं," सुभेदार म्हणाले.

कोपऱ्यातला शिपाई उठला. त्यानं गुडघे झटकले, फेटा सारखा केला आणि बायकांच्या बाजूनं पडद्यातून बाहेर पाय टाकला. ओला होता, नखशिखांत राखेच्या रंगाचा होता, आणि बंदूक त्याच्या डाव्या हातात होती. कनात वर करून सगळ्यांनी पाहिलं. हौसाबाईनं पदरानं त्याचं तोंड पुसलं. पदर काळा झाला, तोंड तसंच राहिलं.

"शिदू उंच व्हता," सुभेदार सावकाश म्हणाले.

"उपाशी हाय," हौसाबाई म्हणाली, आणि तिनं भाकरी त्याच्या हातात दिली. शिपाई डाव्या हातानं जेवू लागला. तो कुणाकडे बघत नव्हता.

केरबाला वाटलं की आता आपण सुटलो. त्यानं काठी टेकून पुढं पाऊल टाकलं, आणि काठी हातातून निसटून तंबूत पडली. ती पडल्याचा आवाज आला नाही. कसलाच आवाज येत नव्हता. त्याच्या पायाखाली खडी होती, मागं डोंगर होता आणि हातात बंदूक. सगळं राखी होतं, आकाशसुद्धा. समोर एक मोठी चौकट होती आणि चौकटीत माळशिंग्याचे पुरुष मांडी घालून बसले होते. मान वळवून पाहिलं तर मागेही चौकट होती. तिच्यात बायका होत्या.

बंदूक उजव्या हातात होती. म्हणजे त्या बायकांना ती डाव्या हातात दिसत असणार, हौसाबाईला शिदूची दिसली तशी.

हे त्याच्या डोक्यात आलं तेव्हा त्याला आशा वाटली. त्यानं बंदूक घट्ट धरली, उजवा हात बायकांना नीट दिसेल असा उंच केला आणि हौसाबाईकडे पाहिलं. ती बघत होती. 'मावशी,' तो म्हणाला. ओठ हलले. पडद्यावर पाटी आली असावी, कारण पुरुषांच्या माना एकदम वर झाल्या आणि सगळे पडद्याशेजारच्या रिकाम्या जागेकडे बघू लागले. तिथं वाचणारं कुणी नव्हतं.

हौसाबाई उठली. तिनं जेवणाऱ्या शिपायाच्या डोक्यावरून हात फिरवला. मग ती पदर डोक्यावर घेऊन कनातीच्या कडेकडेनं चालू लागली. केरबा मान वळवत वळवत तिला बघत राहिला. ती पडद्याच्या टोकाशी आली, क्षणभर थबकली आणि वळसा घालून पुरुषांच्या बाजूला आली. या गावातली कुणी बाई आजवर त्या बाजूला आली नव्हती. पुरुषांनी गुडघे आखडून तिला वाट दिली.

ती केरबाच्या अगदी समोर येऊन उभी राहिली. त्याचा उजवा हात तिनं बघितला; या बाजूनं तो उजवाच होता. पुष्कळ वेळ बघितला. खाली वाकून तिनं केरबाची काठी उचलली, तिचं टोक त्याच्या छातीवर टेकवलं आणि सुभेदारांकडे मान वळवून काहीतरी म्हणाली.

तिचे ओठ हलले तेवढे केरबाला दिसले. हलत्या ओठांना शब्द घालण्यात त्याची हयात गेली होती. तो घाईघाईनं शब्द शोधू लागला. तिच्या मागं, काळोखात, हँडल धरलेल्या सुभेदारांचं कोपर खाली गेलं आणि वर आलं, आणि खिंडीच्या वळणावरून कप्तानाचा घोडा भरधाव येताना दिसला.